आधी कागद, मग चावी: नव्या इस्टेट एजंटाचं पहिलं वर्ष

दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या ऑफिसात कुणीतरी येऊन बसतं. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाला नवऱ्याच्या पगाराला हातभार लावायचा असतो, कुणी नुकतंच कॉलेज संपवलेलं असतं. प्रश्न एकच असतो: "जागेच्या व्यवसायात यायचंय, सुरुवात कुठून करू?" बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चित्रही एकच असतं. ओनरकडून चावी घ्यायची, पार्टीला फ्लॅट दाखवायचा, सौदा झाला की दलाली घ्यायची.

पुण्यात कर्वेनगर-वारजे पट्ट्यात मी 18 वर्षं हे काम करतोय. चावी फिरवायला वॉचमनही पुरतो. लोक आपल्याला पैसे देतात ते यासाठी की त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईचा व्यवहार कुठे अडकू शकतो, हे आपण त्यांच्या आधी बघावं. म्हणून पुढचं सगळं त्या क्रमाने लिहिलंय. उदाहरणं पुण्याची आहेत. इतर शहरांत दर वेगळे निघतील, क्रम हाच राहील.

पहिली पायरी: महारेराची नोंदणी

बांधकाम प्रकल्प आणि एजंट यांच्यावर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू आहे, आणि तो राबवणारं राज्याचं प्राधिकरण म्हणजे महारेरा. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट, प्लॉट किंवा दुकान विकायला मदत करायची, तर एजंटाकडे महारेराचा नोंदणी क्रमांक हवाच. एकट्या व्यक्तीसाठी नोंदणी फी 10,000 रुपये आहे आणि नोंदणी 5 वर्षं चालते. आता त्याआधी ठरलेलं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. 1 जानेवारी 2024 पासून आम्हा जुन्यांनाही ही अट लागू झाली. मीही त्या परीक्षेला बसलो, आणि कार्पेट एरियाची (घराच्या आतल्या वापराच्या जागेची) कायद्यातली व्याख्या इतकी वर्षं मी अर्धवट सांगत होतो हे तिथे कळलं.

नोंदणी नसताना नोंदलेल्या प्रकल्पातला सौदा केला, तर दिवसाला 10,000 रुपये दंड आहे आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. "आधी दोन सौदे करतो, मग नंबर काढतो" हा विचार मनातून काढून टाका. फक्त रिसेल आणि भाड्याचं काम करणाऱ्याला हे बंधन तसं थेट लागत नाही, तरीही माझा सल्ला नोंदणी करूनच बसायचा. अभ्यासाच्या निमित्ताने जे वाचाल, ते रिसेलमध्येही रोज उपयोगी पडतं.

दुसरी पायरी: एक भाग, आणि सुरुवात भाड्यापासून

नवा माणूस हिंजवडीपासून हडपसरपर्यंत सगळीकडे धावतो आणि पेट्रोलमध्ये संपतो. घरापासून दोन किलोमीटरचा भाग घ्या. पहिले दोन महिने तो पायी फिरा. प्रत्येक सोसायटीसाठी वहीत एक पान ठेवा: किती इमारती, लिफ्ट आहे का, पाणी महापालिकेचं की टँकरचं, मेंटेनन्स किती, पार्किंग नावावर आहे की नुसतं सोयीचं, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं) झालंय का, सेक्रेटरी कोण. वॉचमन, इस्त्रीवाले, किराणा दुकानदार यांच्याशी ओळख ठेवा. कोणता फ्लॅट रिकामा होणार आहे, हे पोर्टलवर यायच्या आधी त्यांना माहीत असतं.

माझं तसलं पहिलं पान अजून जपून ठेवलंय. त्यावर लिहिलंय, "सी विंग, उन्हाळ्यात चौथ्या मजल्यावर संध्याकाळी पाणी चढत नाही." त्या एका ओळीमुळे एका आजी-आजोबांना मी तो फ्लॅट दिला नाही. पुढे त्यांच्या मुलाने माझ्याकडूनच घर घेतलं.

सुरुवात भाड्याच्या कामापासून करा. सौदे लवकर होतात, घरमालकांची ओळख होते, आणि आजचा भाडेकरू चार वर्षांनी घर घेणार असतो. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलीय. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागत नाही. खर्चही फार येत नाही. भाडं 20,000, मुदत 11 महिने, डिपॉझिट 60,000 असं धरू. भाड्याचे 2,20,000, त्यात डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्के दराने धरलेलं 11 महिन्यांचं व्याज 5,500. एकूण 2,25,500, आणि त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण 564 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000. हा हिशोब घरमालकासमोर कागदावर करून दाखवला, की "कशाला रजिस्टर करायचं" हा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच मिटतो. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवायची आठवणही त्याच बैठकीत द्या.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. "बॅचलर नको, अमुक जातीचे नकोत, अमुक धर्माचे नकोत" असं सांगणारे घरमालक भेटतील. ती वाक्यं आपल्या तोंडून भाडेकरूपर्यंत जाता कामा नयेत. मी अशा मालकांना समजावून बघतो. नाही ऐकलं तर त्यांचा फ्लॅट यादीतून काढतो. घर शोधत फिरणाऱ्या माणसाला दारातून अपमान करून परत पाठवण्याचे पैसे मला नकोत.

तिसरी पायरी: कागद वाचायला शिका

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एक टू बीएचके विकायला होता. वडील वारलेले, सोसायटीत नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव, शेअर सर्टिफिकेटही त्याच्या नावावर झालेलं. मला वाटलं, मालक हाच. पार्टीने एक लाख टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दिलं. बँकेच्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "बाकीचे वारस कुठे आहेत?" आई होती आणि लग्न होऊन नाशिकला गेलेली बहीण होती. बहिणीने सही करायला नकार दिला. सौदा मोडला. टोकनचे पैसे त्या मुलाने तोवर दुसरीकडे दिले होते, ते परत यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत पार्टीची बायको दर सोमवारी मला फोन करायची. ओरडायची नाही, फक्त विचारायची, "काही कळलं का हो दादा?" तिचा फोन वाजला की माझा हात थरथरायचा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, एवढंच नामनिर्देशनाने ठरतं. वारसांचा हक्क त्याने जात नाही. हे मला तेव्हा माहीत असतं, तर दहा मिनिटांत सांगता आलं असतं. त्या दिवसापासून माझा नियम ठरला: कागद बघितल्याशिवाय चावी घ्यायची नाही.

रिसेल फ्लॅट विकायला आला की ओनरकडून या गोष्टींच्या झेरॉक्स मागा: आधीच्या सगळ्या करारांची साखळी, म्हणजे बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचा प्रत्येक करार नोंदणी पावतीसह, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), महापालिकेच्या कराची शेवटची पावती, वीजबिल, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र. साखळीतला एक करार जरी गहाळ असला, तरी बँक अडते.

इंडेक्स टू हा दोन मिनिटांत वाचता येणारा कागद आहे, पण नीट वाचा. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, मोबदला, सरकारी बाजारभाव, मिळकतीचं वर्णन, क्षेत्रफळ, दस्ताची तारीख. त्यातला फ्लॅट नंबर आणि दारावरचा नंबर जुळतो का बघा. माझ्या भागातल्या एका इमारतीत बिल्डरने नंतर नंबर बदलले होते. कागदावरचा 7 प्रत्यक्षात 11 होता, आणि दुरुस्ती दस्त करायला दोन महिने गेले. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये स्वतःही शोधून बघा. पुढचा सविस्तर सर्च रिपोर्ट वकिलाचं काम आहे. त्यात आपण शहाणपण करू नये.

मालकाला हे प्रश्न सरळ विचारा: कर्ज चालू आहे का, किती बाकी, मूळ कागद कोणत्या बँकेत? घर एकाच्या नावावर आहे की दोघांच्या? कोणी परदेशी असतं का? मालक अनिवासी भारतीय असेल तर टीडीएसचे (किमतीतून आधीच कापून भरायच्या आयकराचे) नियम निराळे आणि रक्कम बरीच मोठी असते. टोकनच्या आधी सीए गाठायला सांगा. कोणी कुलमुखत्यारपत्रावर (मालकाच्या वतीने सही करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर) विकत असेल, तर मूळ मालकाशी व्हिडिओ कॉलवर तरी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय.

नव्या प्रकल्पाचं काम आलं, तर ब्रोशर बाजूला ठेवा आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. ताबा देण्याची जाहीर तारीख काय, ती किती वेळा पुढे गेली, जमिनीवर बोजा आहे का, कोर्टात दावे आहेत का, किती फ्लॅट विकले गेले, हे सगळं तिथे असतं. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर जी इमेज पुढे ढकलता, तीही जाहिरातच. तिच्यावर प्रकल्पाचा क्रमांक, क्यूआर कोड आणि तुमचा स्वतःचा क्रमांक असला पाहिजे.

आणि जमीन? पहिल्या वर्षी गुंठेवारीच्या, म्हणजे जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून विकलेल्या, प्लॉटपासून लांब राहा. कमिशन जास्त असतं, म्हणूनच नवे लोक तिकडे ओढले जातात. सातबारा हातात आला की तुम्हाला इतकं तरी कळलं पाहिजे: भोगवटादार वर्ग 1 की 2, इतर हक्कात काय लिहिलंय, शेवटचे फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) कशाचे, आणि ज्याला विकायचंय त्याचं नाव स्वतंत्र येणार की समाईक सातबाऱ्यावर दहा जणांच्या रांगेत. वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन शेतकरी नसलेल्या माणसाला सहसा घेता येत नाही. तुकडेबंदीचे (जमिनीचे ठरावीक मापापेक्षा लहान तुकडे करायला मनाई करणारे) नियम अलीकडे बदलत आहेत, त्यामुळे गेल्या वर्षीचं ज्ञान यंदा चालेलच असं नाही. हे सगळं अंगात मुरेपर्यंत असा सौदा अनुभवी माणसाकडे द्या आणि त्याच्या शेजारी बसून शिका.

चौथी पायरी: पार्टीला पूर्ण आकडा सांगा

"सत्तर लाखांचा फ्लॅट आहे" एवढं सांगून थांबणारा एजंट पार्टीला अडचणीत टाकतो. पहिल्याच बैठकीत कागद घ्या आणि मांडा. किंमत 70,00,000. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह 7 टक्के, म्हणजे 4,90,000. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30,000. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना ती घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000. आपली दलाली 1 टक्का धरली तर 70,000. किमतीच्या वर 6,15,000 झाले.

बँक 80 टक्के कर्ज देईल असं धरलं तर 56,00,000 मिळतात. स्वतःचे 14,00,000 आणि वरचे 6,15,000 मिळून पार्टीकडे 20,15,000 रुपये तयार हवेत. कित्येक जण 14 लाख घेऊन आलेले असतात. हे त्यांना टोकन दिल्यानंतर कळलं, तर दागिने मोडावे लागतात. आधी कळलं, तर ते 60 लाखांचा फ्लॅट बघतात.

घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. इथे ते 70,000 रुपये होतात. मात्र करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेल्या बाजारभावाची) किंमत यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क लागतं. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. ती रक्कम किमतीतूनच जाते, वरून नाही. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी धरा. भोगवटा प्रमाणपत्रानंतर घेतलेल्यावर तो लागत नाही.

क्षेत्रफळ नेहमी कार्पेटमध्येच सांगा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. मी खिशात टेप ठेवतो आणि पार्टीच्या हातात त्याचं दुसरं टोक देतो. हॉल त्यांनीच मोजला, की मग आकड्यावरून वाद होत नाही.

पाचवी पायरी: घर दाखवणं

एका दिवसात तीनपेक्षा जास्त घरं दाखवू नका, चौथ्या घरात माणसाला पहिलं आठवत नाही. एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी सातनंतर न्या. नळ सोडा, फ्लश ओढा, भिंतीच्या कोपऱ्यात ओल बघा. दोष तुम्ही आधी दाखवा. फोटो खरे टाका. ज्या मुली-बायका हे काम करतात त्यांनी अनोळखी पार्टीला पहिल्यांदा रिकाम्या फ्लॅटवर एकटं भेटू नये. सोसायटीच्या गेटवर भेटा, नोंदवहीत नाव लिहायला लावा, घरी लोकेशन पाठवा.

सहावी पायरी: टोकन

सौदे मोडतात ते इथेच, म्हणून सावकाश करा. टोकन कधीही तुमच्या खात्यात घेऊ नका. चेक किंवा ऑनलाइन, थेट मालकाच्या खात्यात. मालक दोघं असतील तर दोघांच्या सहीने पावती. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. "थोडं वरचं कॅशमध्ये" असं कोणी म्हणालं, तर तो सौदा तुमचा नाही असं समजा.

विसार पावतीत (टोकनच्या लेखी कागदात) हे सगळं लिहा: दोन्ही बाजूंची पूर्ण नावं, ठरलेली किंमत, टोकन किती आणि कोणत्या तारखेला, साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) किती दिवसांत, कर्ज नामंजूर झालं तर टोकन पूर्ण परत की काही कापून, कागदात दोष निघाला तर काय, पार्किंग कोणतं, घरात काय राहणार आणि काय जाणार. शेवटचं हास्यास्पद वाटेल. पण पंखे आणि गीझर यांवरून खरेदीखताच्या दिवशी उठून गेलेली पार्टी मी पाहिलीय. नव्या प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पार्टी उत्साहाने जास्त द्यायला निघाली, तरी तुम्हीच थांबवा.

पितृपंधरवड्यात टोकन सहसा होत नाही, त्यावर चिडू नका. मी ते 15 दिवस फाइल लावण्यात घालवतो, म्हणजे दसऱ्याला धावपळ होत नाही.

सातवी पायरी: तुमची दलाली आणि तुमचं घर

रिसेलमध्ये साधारण दोन्ही बाजूंकडून 1-2 टक्के आणि भाड्यात 15 दिवस ते महिन्याचं भाडं, हा रिवाज आहे, कायदा नाही. म्हणून पहिल्या भेटीनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून पाठवा: किती, कोणाकडून, कधी. दोन्ही बाजूंकडून घेत असाल तर दोघांना ते माहीत असू द्या. खरेदीखत झाल्यावर तोंड फिरवणारे भेटतात, पण लिहिलेलं असेल तर निम्मे तरी देतात. बिल्डरकडचं कमिशन पार्टीने ठरलेला हिस्सा भरल्यावर आणि करार नोंदवल्यावरच निघतं, तेही बऱ्याचदा उशिरा, आणि टीडीएस कापून. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. सीएला पहिल्या महिन्यापासून जोडून घ्या.

पहिला चेक यायला चार-सहा महिने लागू शकतात. तेवढा घरखर्च बाजूला नसेल तर नोकरी सोडू नका. शनिवार-रविवार एखाद्या जुन्या एजंटाच्या हाताखाली काम करा. ज्याच्या घरात महिनाअखेर रेशन संपलंय, तो माणूस पार्टीला ओल दाखवत नाही. हे मी स्वतःवरून ओळखतो. पैसे आले की वेगळ्या खात्यात टाका आणि स्वतःला दर महिन्याला ठरलेला पगार द्या. मोठं कमिशन आलं म्हणून गाडीचा हप्ता अंगावर घेऊ नका.

शनिवार-रविवार आपल्याला सुट्टी नाही, म्हणून मधला एखादा दिवस ठरवून बंद ठेवा. माझा मंगळवार. त्या दिवशी मुलीला शाळेतून मी आणतो, आणि फोन तिच्या आजीकडे असतो.

आठवी पायरी: दस्त झाल्यावर

दस्तावर सह्या झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी दाखल करावा लागतो, पण त्याच दिवशी उरकणं उत्तम. आदल्या रात्री दोन्ही पार्ट्यांना मूळ आधार, पॅन, फोटो आणि साक्षीदारांची आठवण द्या. वयस्कर माणसांच्या बोटांचे ठसे मशीनवर पटकन उमटत नाहीत. त्यांना सकाळची पहिली वेळ घ्या आणि बसायला खुर्ची आधी बघून ठेवा.

नंतरची कामं पार्टीला माहीत नसतात. सोसायटीत शेअर सर्टिफिकेट हस्तांतरणाचा अर्ज, महावितरणकडे मीटरचं नाव, महापालिकेत कराच्या नोंदीत नाव, गॅसचं कनेक्शन. या चारही अर्जांचे नमुने मी ऑफिसात छापून ठेवलेत. ताबा मिळाल्यावर पंधराव्या दिवशी मी फोन करतो आणि विचारतो, वीजबिल कोणाच्या नावाने आलं? जुन्याच मालकाच्या नावाने आलं असेल, तर अर्ज घेऊन त्यांच्या घरी जातो.